दोन्ही घरचा खटला उपाशी

"तुमच्या घरात घड्याळ आहे का?"

"नाही."

"हातात?"

"नाही."

"मोबाइल?"

"पोराकडे. पोरगा गुजरातला."

"मग घटना सायंकाळी पावणेसात वाजता घडली, हे पोलिसांना कशावरून सांगितलंत?"

साक्षीच्या पिंजऱ्यातली बाई गप्प. तिने एकदा न्यायाधीशांकडे पाहिलं, एकदा सरकारी वकिलांकडे. मग म्हणाली, "मी नाही सांगितलं." झालं. साक्षीच्या कागदावर ठरलेलं वाक्य उतरलं: पोलिसांसमोरील जबाबातील 'अ' भाग मी सांगितला नव्हता, पोलिसांनी तसा मजकूर का लिहिला याचे कारण सांगता येणार नाही.

न्यायालयाचं नाव देत नाही. कोणत्या तालुक्याचं तेही सांगत नाही, कारण हा प्रसंग कुठल्याही तालुक्यात घडू शकतो. मी मागच्या बाकावर बसलो होतो. बाई आमच्या भागातली, म्हणून सोबत गेलो होतो. बाहेर व्हरांड्यात येऊन तिने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने पोलिसांना सांगितलं होतं की ढोरं घरी आली होती, बांधून झाली होती, चूल पेटवायची होती. घड्याळाहून पक्की वेळ आहे ही. पाड्यावर कुणालाही विचारा, भाद्रपदात ढोरं कधी येतात ते सांगेल. पण जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने त्याचं केलं 'सायंकाळी ६.४५ वाजताचे सुमारास'. पोलिसी मराठीत ढोरांना जागा नाही, आकड्याला आहे. तीन वर्षांनी त्याच आकड्याने तिला खोटं पाडलं.

हे टाळायला सरकारी वकिलांना एकच प्रश्न पुरला असता. सरतपासातच विचारायचं: "वेळ कशावरून सांगता?" ढोरांची गोष्ट तिथेच नोंदीवर आली असती आणि उलटतपासातल्या घड्याळाची धार गेली असती. पण वकीलसाहेबांनी बाईला पहिल्यांदा पाहिलं ते पुकारा होण्याआधी दहा मिनिटं, व्हरांड्यातच. हातात त्या दिवसाच्या बोर्डावरच्या फायलींचा गठ्ठा होता. मी त्यांना दोष देत नाही. माझा प्रश्न त्यांच्या मागे कोण उभं आहे, हा आहे. तीन वर्षांत एकदा तरी ही फाइल कुणी वरच्याने उघडून वाचली होती का? बाईच्या घरात घड्याळ आहे का, हा प्रश्न आरोपीच्या वकिलाला सुचतो. सरकारच्या बाजूने तो सुचणं हे कुणाचं काम आहे?

*

चिंचपाड्याच्या फलाटावर उभं राहिलं की एका दिशेची गाडी नवापूरला जाते आणि दुसऱ्या दिशेची खांडबाऱ्यावरून नंदुरबारला. खुनाचा किंवा बलात्काराचा खटलाही दोन्हीकडे जातो. आरोपी पकडला की रिमांड नवापूरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. तिथे सरकारची बाजू मांडतो सहायक सरकारी अभियोक्ता. हा लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेला, पगारी, अभियोग संचालनालयाचा, म्हणजे गृह विभागाचा माणूस. दोषारोपपत्र दाखल झालं की खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो, नंदुरबारला. तिथे उभा राहतो जिल्हा सरकारी वकील किंवा त्याचा अतिरिक्त वकील. हा वकिली करणारा, मुदतीच्या नेमणुकीवर आलेला, फीवर काम करणारा. त्याची नेमणूक विधी व न्याय विभागाकडून, १९८४ च्या विधी अधिकारी नियमांनुसार.

आता सांगा, फाइल कुणाची? पहिल्याच्या हातात ती असते तेव्हा तपास चालू असतो, चुका दुरुस्त होण्यासारख्या असतात, पण खटला त्याने चालवायचा नसतो. दुसऱ्याच्या हाती येते तेव्हा खटला त्याचा असतो, पण पंचनामा होऊन गेलेला असतो, जबाब लिहून झालेला असतो. पहिल्याने दुसऱ्याला 'या साक्षीदाराची वेळ तपासून घ्या' असं सांगण्याची सक्तीची पद्धत नाही. सांगितलं तर त्याचा चांगुलपणा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसा हा खटला. दोन घरं, दोन चुली, दोन मालक, आणि मधल्या ओट्यावर बसलेला फिर्यादी.

कायद्याने ही घरं जोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी संहितेत अभियोग संचालनालयाचं कलम आलं आणि जिल्ह्यातले सरकारी वकीलही उपसंचालकांच्या अधीन, असं त्यात लिहिलं गेलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तेच पुढे नेलं, जिल्हा पातळीवरच्या अभियोग संचालनालयाची सोयही केली. पण ज्याची नेमणूक एका विभागाने करायची, फीचं बिल त्याच विभागाने पास करायचं, त्याच्यावर देखरेख दुसऱ्या विभागाच्या अधिकाऱ्याने करायची, ही व्यवस्था चालायला अधिकाऱ्याच्या अंगी फार मोठा दम लागतो. दम हा शासन निर्णयाने येत नाही.

*

हे महाराष्ट्राला कुणी पहिल्यांदाच सांगतंय असंही नाही. एकेकाळी आपल्याकडे दंडाधिकाऱ्यांपुढचे सरकारी वकील पोलीस खात्याच्या ताब्यात होते. ज्याने तपास केला त्याच्याच खात्याचा माणूस न्यायालयात उभा राहून 'तपास नीट झाला' म्हणणार. १९७३ च्या संहितेला हे मान्य नव्हतं, तरी व्यवहार तसाच चालू राहिला. शेवटी एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या वकिलांना पोलीस खात्यातून पूर्ण मोकळं करा, त्यांचं वेगळं खातं करा, आणि त्या खात्याचा प्रमुख थेट शासनाला जबाबदार ठेवा. आज अभियोग संचालनालय म्हणून जे उभं आहे त्यामागे हा निकाल आहे. त्याआधीच्याच वर्षी, हितेंद्र विष्णू ठाकूर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट बजावली होती: सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही. पोलिसांनी मुदतवाढ मागितली म्हणून डोळे झाकून सही करायची नाही, स्वतः कागद वाचायचे, स्वतःचं डोकं लावायचं.

डोकं लावायचं म्हणजे फाइल वाचायला वेळ हवा. आणि वेळ मिळवून देणं हेच वरच्या माणसाचं पहिलं काम. कुठला वकील किती खटल्यांखाली दबलाय, कुठल्या खटल्याला आज अनुभवी माणूस लागणार आहे, कुणाला आठवडाभर बाकीच्या बोर्डातून सोडवायला हवं, हे ठरवणारा कुणी नसेल तर उरते ती हजेरी.

नव्या संहितेने देखरेखीची वाटणी कशी केली आहे पाहा. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा, जन्मठेप किंवा फाशी असलेले गुन्हे संचालकांच्या नजरेखाली. सात किंवा जास्त, पण दहाच्या आतले उपसंचालकांकडे. सातच्या आतले सहायक संचालकांकडे. शिक्षेच्या वजनावर फायली वाटल्या. पण गुंतागुंत शिक्षेच्या वर्षांनी मोजता येत नाही. भावाभावांच्या भांडणात कुऱ्हाड चालली, चार जणांनी पाहिलं, आरोपी स्वतः चौकीत गेला, हा जन्मठेपेचा खटला आहे आणि तो समजायला अर्धा दिवस पुरतो. आता दुसरीकडे बघा. ठेवीदारांच्या संरक्षणाचा आपला १९९९ चा कायदा. त्याच्या मुख्य कलमात शिक्षा सहा वर्षांपर्यंत. खानदेशात पतसंस्था बुडाल्या, माणसांच्या आयुष्याच्या पुंज्या गेल्या, त्यातल्या एकेका प्रकरणात खातेउतारे, ठराव, गहाणखतं, लेखापरीक्षण असे खोल्या भरतील इतके कागद. सोबत मोठं कलम लागलं नाही, तर एवढा डोंगर सगळ्यात खालच्या पायरीवर. अवघड खटल्याला अवघड म्हणायची सोयच या वाटणीत नाही. प्रत्येक जिल्ह्यात दर तीन महिन्यांनी कुणीतरी बसून 'हे दहा खटले अवघड' अशी यादी करावी, शिक्षा काहीही असो, आणि त्या दहांना दोन-दोन माणसं द्यावीत. याला कायदा बदलावा लागत नाही.

*

नंदुरबार जिल्ह्यात देखरेख करणाऱ्याला कायद्याची पुस्तकं पाठ असून भागत नाही. त्याला उसाचं पंचांग यायला हवं.

दिवाळी झाली की इथली माणसं कोयता घेऊन निघतात. बारडोली, व्यारा, दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांचे फड. उचल आधीच घेतलेली असते, मुकादम दारात उभा असतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरंही सोबत. पाड्यावर म्हातारी माणसं राहतात. उन्हाळा तापेपर्यंत हे असंच. होळीला कुणी येतं, कुणी येत नाही. या पाच-सहा महिन्यांत समन्स घेऊन गेलेला पोलीस कुलूप पाहतो आणि शेरा मारतो: 'साक्षीदार मिळून आला नाही'. दोन-तीनदा असा शेरा पडला की वॉरंट निघतं. ज्या बाईने आपल्या पुतणीसाठी साक्ष द्यायचं कबूल केलं, तिच्याच नावाचं वॉरंट.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाच्या १९९५ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आणि अभियोगाच्या प्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा घ्यायचा, महिनेसुद्धा लिहिलेत: जानेवारी आणि जुलै. देखरेखीचे महिने कायद्यात छापलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत, आणि ज्याने लिहिले त्याचा हेतू भला होता यात शंका नाही. पण आमच्याकडे जानेवारीत साक्षीदार फडात असतो आणि जुलैत गुडघाभर चिखलात, भाताच्या लावणीवर. आढाव्याच्या तक्त्यात तो दोन्ही वेळा 'गैरहजर'. हे तक्ता वाचणाऱ्याला ठाऊक असेल तर तो म्हणेल, या जिल्ह्यातले साक्षीपुरावे मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावून घेऊ, न्यायालयाला तशी विनंती करू. ठाऊक नसेल तर तो वकिलाला नोटीस काढेल.

आणि साक्षीदाराला आणायलाच हवं असंही आता उरलेलं नाही. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्राच्याच प्रफुल्ल देसाई प्रकरणात मान्य केलं. तिथे साक्ष द्यायची होती अमेरिकेतल्या डॉक्टरला. नव्या संहितेने तर ही सोय सर्रास केली. अमेरिकेतल्या डॉक्टरसाठी जे वीस वर्षांपूर्वी जमलं ते बारडोलीच्या फडातल्या बाईसाठी का जमू नये? सुरत जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांना एक पत्र, दोन्हीकडच्या न्यायालयांची परवानगी, मुकादमाला एक फोन की आज या कोयत्याची हजेरी तोडायची नाही. यातली एकही गोष्ट खटला चालवणारा एकटा वकील करू शकत नाही. त्याला बोर्ड सोडून उठता येत नाही. हे वरच्याचं काम.

राज्याची सीमा इथे तारेच्या कुंपणाने आखलेली नाही. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. साक्षीदार, आरोपी, चोरीची मोटारसायकल, सगळं या रेषेवरून रोज ये-जा करतं. अडतो फक्त कागद.

*

मग भाषा. १९९८ सालीच नंदुरबार जिल्हा झाला आणि त्याच साली कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. चांगलंच झालं. पण नवापूर तालुक्यातल्या पाड्यावर मराठी ही शाळेतली भाषा आहे. घरात मावची, कोकणी, भिल्ली. उत्तरेला गेलात तर वसावी, पावरी. बाजारात अहिराणी आणि गुजराती. बाईने मावचीत सांगितलं, पोलीस पाटलाने मराठीत सांगितलं, हवालदाराने पोलिसी मराठीत लिहिलं. तीन हातांतून गेलेलं वाक्य चौथ्या हातात, आरोपीच्या वकिलाच्या हातात, सुरी होऊन येतं. ती 'भाऊ' म्हणते तेव्हा कुळातला भाऊ असतो. कागदावर 'सख्खा भाऊ' होतो. उलटतपासात विचारतात, तुमच्या बापाला मुलगे किती? संपलं.

सर्वांत कठीण जागा दवाखान्यातली. चिंचपाड्याला मिशनचा जुना दवाखाना आहे, आसपासच्या पाड्यांचा आधार. अशा कुठल्याही दवाखान्यात रात्री भाजलेली बाई येते. वेळ थोडा असतो. नायब तहसीलदारांना बोलावणं जातं, मृत्युपूर्व जबाब घ्यायचा असतो. ती बोलते तिच्या भाषेत. जो कुणी जवळ असतो तो भाषांतर करतो, आणि कित्येकदा जवळ असतो तो सासरचाच. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र सरकार या प्रकरणात २००२ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला नाही म्हणून जबाब बाद होत नाही, जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री झालेली असली की पुरे. फार मोलाचा निकाल. खेड्यातल्या बायांसाठी तर फारच. पण खात्री कशी होणार, घेणाऱ्याला तिची भाषाच येत नसेल तर? कोण दुभाष्या होता, त्याचं तिच्याशी नातं काय, त्याची सही कुठे आहे, हे तीन प्रश्न तपास चालू असतानाच कुणीतरी विचारायला हवेत. दोषारोपपत्र लिहिणं पोलिसांचं काम, सरकारी वकिलाचा सल्ला त्यांच्यावर लादता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलंय. बरोबरच आहे ते. पण सल्ला लादणं वेगळं आणि सल्ला देता येईल इतक्या लवकर फाइल वाचणं वेगळं. जामिनाच्या अर्जावर बाजू मांडताना फाइल हातात असतेच ना? तेव्हा ती वाचणाऱ्या सहायक अभियोक्त्याने दोन ओळींचं टिपण केलं, आणि ते टिपण फाइलबरोबर नंदुरबारला गेलं, तर अर्धं काम तिथेच झालं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण कुणी ना कुणी विचारेलच. साक्षीदाराला आधी भेटणं म्हणजे त्याला पढवणं नव्हे. पढवणं म्हणजे काय बोलायचं ते घोकून घेणं. तयारी म्हणजे पिंजऱ्यात कुठे उभं राहायचं, समोर कोण कोण असणार, प्रश्न कळला नाही तर 'कळला नाही' म्हणायला घाबरायचं नाही, ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणायचं, एवढं सांगणं. जिने आयुष्यात तहसील कचेरीची पायरी चढली नाही तिला हे कुणी सांगितलं नाही, आणि ती गडबडली की आपण तिच्यावर शिक्का मारतो: फितूर. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्याला हा शब्द होता. घड्याळ नसलेल्या बाईला तो लावताना कुणाची जीभ अडखळत नाही.

*

२०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यातल्या सगळ्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी एवढंच म्हटलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवायचं नाही. ३१ जुलैला २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. तिथे सहा माणसं मेली होती. लोकलमध्ये १८० हून अधिक.

कोण दोषी, कोण निर्दोष, यावर मी बोलणार नाही. मला फक्त एवढं दिसतं की दोनांतली एक गोष्ट खरी आहे. निर्दोष माणसांची आयुष्यं गेली, नाहीतर गुन्हेगार मोकळे राहिले. कुठलीही खरी असो, इतकी वर्षं त्या फायली कुणाच्या तरी देखरेखीखाली होत्या. ती देखरेख करणाऱ्यांना कुणी काही विचारल्याचं वाचनात आलं नाही.

विचारायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने फार आधी सांगून ठेवलंय. ७ जानेवारी २०१४, गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई. एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, आरोपी पुराव्यातल्या भगदाडांमुळे सुटला. न्यायालयाने सुटका कायम ठेवली आणि सगळ्या राज्यांना हुकूम केला: प्रत्येक राज्यात पोलीस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांची स्थायी समिती नेमा, प्रत्येक सुटकेची कारणं तपासा, चूक कुणाची ते ठरवा, कारवाई करा, आणि त्या चुकांतून नव्या अधिकाऱ्यांसाठी धडे तयार करा. तो शेवटचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घड्याळाचा तो प्रश्न अशा धड्यात गेला असता तर पुढच्या हवालदाराने ढोरांसकट जबाब लिहिला असता. सुटकेनंतर खुलासे मागवले जातात, उत्तरं जातात. त्या कागदांतून शिकून एखाद्या पोलीस ठाण्यात जबाब लिहायची पद्धत बदललेली मला दाखवा, मी दंडवत घालेन.

देखरेखीची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. मालेगाव खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं की तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याने आपल्याला सौम्य धोरण घ्यायला सांगितलं. यंत्रणेने ते नाकारलं. पण सालियनबाई बोलल्या, नावानिशी बोलल्या, मुंबईच्या सत्र न्यायालयात हयात घालवलेली बाई बोलली, याला किंमत आहे. वरच्याने 'साक्षीदार का आला नाही?' विचारावं, 'हा कागद का लावला नाही?' विचारावं, रागवावं सुद्धा. 'जरा सबुरीने' म्हणायचा अधिकार त्याला नाही. खटला मागे घ्यायचा तरी कायद्याने ते ठरवायचं सरकारी वकिलाने, स्वतःच्या विचाराने, आणि न्यायालयाच्या संमतीने. वकिलाच्या पाठीशी उभं राहणं आणि वकिलाच्या मानगुटीवर बसणं यातला फरक ज्याला कळत नाही त्याला या खुर्चीत बसवू नये.

सीमेपलीकडचंच उदाहरण घ्या. वडोद्यातली बेस्ट बेकरी, १ मार्च २००२, चौदा माणसं मेली. २००३ मध्ये तिथल्या जलदगती न्यायालयाने सगळ्या २१ आरोपींना सोडलं. साक्षीदार एकामागून एक फिरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००४ ला तो खटलाच रद्द केला, सरकारी वकील आरोपींच्याच बाजूने असल्यासारखे वागले असे ताशेरे ओढले, आणि खटला पुन्हा चालवायला महाराष्ट्रात पाठवला. वकिलांची नेमणूक बदलली, देखरेख बदलली. माझगावच्या न्यायालयात फेब्रुवारी २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली, आठ सुटले. पुढे उच्च न्यायालयाने नवांतल्या पाचांना सोडलं, चौघांची शिक्षा कायम ठेवली. घटना तीच, बरेचसे साक्षीदार तेच. दुसऱ्यांदा कुणीतरी पुराव्याचा एकेक धागा माणसागणिक तपासला, म्हणून काही सुटले आणि काहींना शिक्षा झाली. न्याय असाच दिसतो, सरसकट नसतो.

*

आपल्याकडे काही भयानक घडलं की मोर्चा निघतो आणि निवेदनातली एक मागणी ठरलेली: खटला जलदगती न्यायालयात चालवा आणि नामवंत विशेष सरकारी वकील नेमा. मागणारे दुःखात असतात, त्यांना मी काय म्हणू? उज्ज्वल निकम जळगावात सरकारी वकिली करत होते, तिथून १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यावर गेले आणि २००६-०७ मध्ये निकाल लागेपर्यंत त्या खटल्याला चिकटून राहिले. लोकांना त्यांच्या फर्ड्या बोलण्याची आठवण आहे. मला आठवतो तो तेरा वर्षांहून अधिक काळ एकाच फाइलचा एकच धनी. २५७ माणसं मेलेल्या खटल्याला धनी मिळाला तो सरकारला मिळवून द्यावा लागला म्हणून. पाड्यावर एकच माणूस मेला की तेवढं मोठं नाव येत नाही. यायची गरजही नाही. तिथे रोज उभा राहणारा जो वकील आहे, त्याच्यामागे फाइल वाचणारं दुसरं माणूस हवं आहे, नाव नसलं तरी चालेल.

असं माणूस मी पाहिलंय, म्हणून हे लिहितोय. खूप वर्षांपूर्वी एका गुन्ह्यात मी पंच होतो. शेतातल्या विहिरीजवळ कोयता काढून दिल्याचा पंचनामा. चार वर्षांनी साक्षीला गेलो तेव्हा मला आठवत होती ती फक्त विहीर आणि पाऊस. आदल्या दिवशी एका वयस्क अभियोक्त्यांनी मला बोलावलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "पाऊस होता म्हणता, मग कागद भिजला नाही का?" भिजला होता. हवालदाराने तो छत्रीखाली, माझ्या पाठीवर ठेवून लिहिला होता. मूळ पंचनाम्यावर शाई फुटलेली होती. ते म्हणाले, "उद्या तुम्हाला हे विचारतील. जे झालं तेच सांगा." खटला त्यांच्याकडे नव्हताच, चालवणारा वकील त्यांचा कनिष्ठ होता. ते बाजूला बसून फक्त कागदावर खुणा करत होते. दुसऱ्या दिवशी त्या कनिष्ठाने बरोबर तोच प्रश्न विचारला. उलटतपासात पंचनामा चौकीत बसून लिहिल्याची सूचना आली तेव्हा फुटलेली शाई आधीच नोंदीवर होती.

*

त्या बाईची साक्ष त्या दिवशी अर्धीच झाली. उरलेला उलटतपास राखून ठेवला, वेळ संपली. शिपायाने पुढची तारीख सांगितली, जानेवारीतली. तिने ती ऐकली, बोटांवर मोजली, मग पदराच्या गाठीतून भत्त्याच्या पैशांबरोबर समन्सचा कागद काढून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, यावर मागे लिहून दे, मुकादमाला दाखवते. मी लिहून दिलं. तारीख, वेळ, न्यायालयाचं नाव, आणि खाली 'कृपया सोडावे'. सही कुणाची करायची ते मला कळेना, तेव्हा माझीच केली.